घाट, बीपीचं मशीन आणि दाराजवळची सीट

'ताई, नमस्कार. वय ४४. सोनपेठ तालुक्यात माझं खत-बियाणाचं दुकान आहे. मुलगी लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करायलीय. गेल्या दिवाळीनंतर तिला भेटायला निघालो. परळी सोडून गाडी अंबाजोगाईच्या घाटाला लागली आणि छातीत एकदम धडधड. हातपाय गार, बोटांना मुंग्या, वाटलं आता खेळ खलास. कंडक्टरला सांगून मधीच उतरलो. परळीत ईसीजी काढला, नॉर्मल. मग टूडी इको, ट्रेडमिल, थायरॉईड, सगळं झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आता टेन्शन काय मी किलोनं विकत घेतो का? तवापासून एसटीत बसलो नाही. बीपीचं मशीन आणलंय, दिवसातून पाच-सहा वेळा बघतो. मुलीला चार वेळा फोन करतो, तिनं नाही उचलला तर वॉर्डनला करतो. अकरा लाख उधारी बाहेर आहे. रात्री दोनला जाग येते आणि पहाटेपर्यंत तेच चक्र. मेडिकलवाला मित्र झोपेची अर्धी गोळी देतो. भाचा पुण्याला असतो, तो म्हणतो, मामा थेरपी घ्या. मला सांगा, नुसतं बोलून कुणाचं काय बरं झालंय? बोलायला बायको आहे, पारावर दोस्त आहेत. का मला येड लागायलंय?'

(पत्र थोडं कमी केलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहायचा नाही. नाही, तुम्हाला येड लागलेलं नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली होती. तिच्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला कुठला ना कुठला मानसिक त्रास आढळला, आणि त्यातले बहुतेक जण उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते. तुमच्या पारावर रोज दहाजण बसत असतील तर हिशेब तुम्हीच करा.

आधी हृदय आणि थायरॉईड तपासून घेतलंत हे बेस केलंत. थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड होते, त्यामुळे ते बघावंच लागतं. पण एकदा बघितलं ते बघितलं. परत ईसीजी काढायला जाऊ नका. तो का नको, हे पुढं येईलच.

आता तुमचा खरा प्रश्न. नुसतं बोलून काय होतं? खरं सांगते, नुसतं बोलून फार काही होत नाही. मन हलकं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत भरतं. मी ज्या थेरपीबद्दल सांगणार आहे तिच्यात बोलणं कमी आणि तालीम जास्त असते. कशाची तालीम, ते कळायला आपल्याला परत त्या घाटात जावं लागेल.

गाडी वळणं घेत होती. आदल्या रात्री झोप नव्हती, पोटात चहावर चहा, डोक्यात उधारी. छाती जरा धडधडली. एरवी तुमच्या ध्यानातही आलं नसतं. त्या दिवशी मन म्हणालं, 'अटॅक!' शेतातल्या जागल्यासारखं असतं हे. रानडुकरं येतात म्हणून जागल करणारा माणूस पानं वाजली तरी ओरडतो. त्याचं चुकत नाही, तो जरा जास्तच इमानदार झालेला असतो. तुमच्या जागल्यानं हाळी दिली, अंगात ॲड्रेनलीन उसळलं, काळीज आणखी जोरात धावायला लागलं. श्वास भराभर सुरू झाला. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. त्या मुंग्या बघून मन म्हणालं, 'बघा, म्हणलं होतं ना.' की आणखी ॲड्रेनलीन. याला पॅनिक अटॅक म्हणतात. ही लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग कुणी काही केलं नाही तरी आपोआप ओसरते.

पण ती ओसरायच्या आत तुम्ही उतरलात, आणि उतरल्यावर बरं वाटलं. घोळ झाला तो इथं. मनानं खतावणीत नोंद करून टाकली: घाटात मरणार होतो, उतरलो म्हणून वाचलो. त्या दिवसापासून ती नोंद खोडायची संधी तुम्ही मनाला दिलीच नाहीत, कारण तुम्ही परत एसटीत बसलाच नाहीत.

इथं मला माझी बॅटरी आठवते. सेल टाकायची, पत्र्याची. माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घराच्या भिंतींना तडे गेले, घर उभं राहिलं. आजूबाजूच्या गावांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. दगडामातीच्या माळवदाखाली झोपायला नंतर कितीतरी वर्षं लोक तयार नव्हते. पत्र्याच्या शेडात उकडून निघायचे, पण आत जायचे नाहीत. त्यात चूक काहीच नव्हतं. मी मात्र पुढं शिकायला बाहेर गेले, पक्क्या सिमेंटच्या होस्टेलात राहिले, तरी उशाखाली बॅटरी, खाटेजवळ दाराकडं तोंड करून ठेवलेल्या चपला, आणि दाराला कडी नाही. खोलीतल्या मुली वैतागायच्या. बॅटरी उशाखाली आहे म्हणून भूकंप येत नाही, असा माझा आतल्या आत हिशेब होता. कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. पण सेल संपले की रात्रभर झोप यायची नाही.

ज्या थेरपिस्ट बाईंकडे मी शेवटी गेले त्यांनी मला 'घाबरू नकोस' असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, 'बॅटरी तुला सांभाळते का तू बॅटरीला?' पहिल्या आठवड्यात बॅटरी उशाखालून टेबलावर, दुसऱ्यात कपाटात. मग चपला. कडी सगळ्यात शेवटी, आणि त्या रात्री मी दोनदा उठून कडी काढली, तिसऱ्यांदा लावून झोपले.

तुमचं बीपीचं मशीन ही तुमची बॅटरी आहे. एसटीत न बसणं, परत ईसीजी काढणं, वॉर्डनला फोन, मित्राची अर्धी गोळी, आणि वहिनींचं 'काही होत नाही हो तुम्हाला', हीसुद्धा. प्रत्येकानं तासभर बरं वाटतं. त्या तासाभराची किंमत अशी की मन शिकतं, 'मशीन होतं म्हणून निभावलं.' म्हणून वहिनींशी बोलून भागत नाही. त्या मायेनं धीर देतात आणि तुम्हाला त्या धीराची सवय लागते. चांगला थेरपिस्ट धीर देण्याच्या बाबतीत जरा कंजूष असतो. पारावरचे दोस्त तर विषयच बदलतात, किंवा कुणाला खरंच अटॅक आला होता त्याची गोष्ट सांगतात.

मग तिथं नेमकं करतात काय? मी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांच्यावर काम करणारी थेरपी) या पद्धतीबद्दल सांगते, कारण धास्तीच्या आजारांवर तिचा अभ्यास सगळ्यात जास्त झाला आहे. ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस या दोन अमेरिकी मंडळींपासून ती वाढली. एलिसची पद्धत कि. मो. फडके यांनी 'विवेकनिष्ठ' या नावानं मराठी माणसाच्या ओळखीची केली. हा एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यानं स्वतःला शिक्षा लावल्यासारखं ठरवलं की न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी जाऊन बोलायचंच. महिन्याभरात शंभरेक जणींशी बोलला. एकच भेटायला कबूल झाली, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही आणि त्याची भीती मात्र गेली. (हा प्रयोग आपल्याकडच्या बसस्टँडवर कुणी करू नये, मार पडेल.)

पहिल्या बैठकीत थेरपिस्ट तुमची कहाणी ऐकतील, कदाचित सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतील. त्यावर शून्य ते एकवीस गुण असतात. पुढं सुधारणा होतेय का ते अंदाजपंचे न ठरवता त्या आकड्यावरून बघता येतं. मग वर घाटाचं जे चक्र मी सांगितलं ते तुमच्याच तोंडून काढून कागदावर मांडतील.

नंतर वही. तुम्ही दुकानदार, तुम्हाला हे सगळ्यांपेक्षा लवकर जमेल. रकाने पाडायचे: काय घडलं, मन काय म्हणालं, ते किती टक्के खरं वाटलं, आणि प्रत्यक्षात काय झालं. समजा तुमच्या दुकानासमोर मोटारसायकलवरून दोघं येऊन थांबले. मन म्हणालं, 'बियाणं उगवलं नाही, भांडायला आले.' ८० टक्के खरं वाटलं. प्रत्यक्षात ते युरिया आला का विचारायला आले होते. अशा वीस ओळी झाल्या की तुमची तुम्हालाच कळतं, हे मन उधारीचं गिऱ्हाईक आहे, बोलतं फार आणि त्यातलं खरं थोडं निघतं. वही नुसती डोक्यात ठेवून चालत नाही. कागदावर उतरवल्याशिवाय मन आकडे फिरवतं.

मग येतो तो भाग ज्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. खोलीतच जागच्या जागी मिनिटभर पळायला लावतील, किंवा मुद्दाम भराभर श्वास घ्यायला सांगतील. धडधड होते, मुंग्या येतात, गरगरतं. तेच सगळं, फक्त घाटाऐवजी खुर्चीशेजारी. तुमची ट्रेडमिल नॉर्मल आहे म्हणून हे तुमच्या बाबतीत बिनधोक, पण करायचं ते थेरपिस्टच्या समोरच. दोन-चार वेळा झालं की धडधड ही नुसती धडधड उरते.

आणि मग एसटी. एकदम लातूर नाही. आधी सोनपेठहून परळी, दाराजवळच्या सीटवर बसून. मग परळीच, पण खिडकीकडं, मधल्या रांगेत. मग भाच्याला बरोबर घेऊन घाट. मग एकट्यानं. मग मशीन घरी ठेवून. निघण्याआधी वहीत लिहायचं, 'घाटात बेशुद्ध पडणार, ९० टक्के', आणि अंबाजोगाई स्टँडवर चहा घेताना समोरच्या रकान्यात काय झालं ते लिहायचं. मधे लाट आली तर तिच्याशी कुस्ती नाही, श्वास रोखायचा नाही, उतरायचं नाही. तिला म्हणायचं, ये, बस शेजारी. थोड्या वेळात ती आपोआप उतरते. पहिल्या एक-दोन खेपांना फार त्रास होईल, हे लपवत नाही. बरेच जण इथंच थेरपी सोडतात आणि मग लोकांना सांगत सुटतात की काही फायदा नाही.

आता रात्री दोनची गोष्ट. अकरा लाख उधारी ही कल्पना नाही, ती खरी अडचण आहे. थेरपीनं पाऊस पडत नाही, सोयाबीनला भाव मिळत नाही आणि उधारी वसूल होत नाही. त्यामुळे तुमची काळजी फुकाची आहे असं तुम्हाला कुणी समजावायला लागलं तर त्याच्याकडं परत जाऊ नका. पण दोनला जे चालतं ती वसुलीही नसते. तिथं 'पैसे आले नाहीत तर, कंपनीनं माल बंद केला तर, पोरीचा नंबर लागला नाही तर' अशी जर-तरची माळ असते. थेरपिस्ट हे दोन ढीग वेगळे करायला शिकवतात. ज्यावर आज हात चालतो तो एक ढीग: अकरा लाखांतली मोठी नावं कुठली, तूर निघायच्या आधी कुणाकडं जाऊन बसायचं, कुणाला हप्ते पाडून द्यायचे. ते दिवसा, दुकानात, वही घेऊन. दुसऱ्या ढिगासाठी रोज ठरलेली वीस मिनिटं, समजा संध्याकाळी शटर ओढायच्या आधी. त्या वेळेत मनसोक्त काळजी करायची. रात्री दोनला ती आली तर उशाजवळच्या कागदावर एक शब्द लिहायचा, 'कंपनी', आणि सांगायचं, उद्या सहा वाजता ये. हसू नका. पंधरा दिवस करून बघा. संध्याकाळी सहाला त्यातल्या निम्म्या काळज्या तोंड दाखवत नाहीत, असा माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

लेकीचे फोनही ह्याच तालमीत येतात. चाराचे तीन, मग दोन, मग रात्रीचा एक ठरलेला. वॉर्डनला नाही. तिनं उचलला नाही म्हणजे ती क्लासमध्ये आहे. आणि एक सांगू का? नीटची तयारी करणाऱ्या पोरीला बापाची धास्ती फोनवरूनही कळते.

गोळीबद्दल मात्र कडक बोलते. नाव तुम्ही लिहिलं नाही, पण अल्प्राझोलाम किंवा तत्सम असणार. त्यांची सवय लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत, मित्र असला तरी. पण माझं वाचून आज रात्री एकदम बंदही करू नका, रोजची असेल तर अचानक सोडल्यानं झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पाकीट घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, ते हळूहळू उतरवतील. गरज वाटली तर दुसरी औषधं देतील. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण ह्या गोळीसारखी ओढ लागत नाही. औषध आणि थेरपी एकत्र चालतात, त्यात कमीपणा कसला? चहा किती होतो तेही त्यांना खरं सांगा, आणि पुडी असेल तर तीसुद्धा. दोन्हीनं काळीज पळतं.

जायचं कुठं? गंमत बघा, ज्या घाटाला तुम्ही घाबरता तो चढून गेलं की अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी. तिथं मानसोपचार विभाग आहे, खर्च नाममात्र. घाट सध्या नको असेल तर परभणीला जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. आणि पहिलं पाऊल घरबसल्या टाकायचं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. सरकारी ठिकाणी गर्दी असते, तासभर थेरपी दर आठवड्याला मिळेलच असं नाही. भाच्याच्या ओळखीनं पुण्यातल्या कुणाशी व्हिडिओवर बोलणं हाही रस्ता आहे. अशा वेळी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारायचा, लाजायचं नाही. आणखी एक प्रश्न विचारायचा: 'घरी काय करायला द्याल?' चार बैठका नुसतं ऐकून घेऊन मान डोलावणारा असला तर बदला. एका बैठकीत मुळासकट घालवतो म्हणणाऱ्याकडं तर जाऊच नका, मग तो देवऋषी असो की टाय लावलेला.

किती दिवस? ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनात सततच्या काळजीसाठी आठवड्याला एक तास अशा १२ ते १५ बैठका सांगितल्या आहेत, नुसत्या पॅनिकसाठी एकूण ७ ते १४ तास. म्हणजे एका खरीप हंगामाएवढं धरा. सगळ्यांनाच पुरता गुण येतो असं नाही. काहींना दुसरी पद्धत लागते, काहींना औषधानं जास्त फरक पडतो. बरं झाल्यावरही एखाद्या उन्हाळ्यात धास्ती परत डोकं काढते, तेव्हा वही परत काढायची.

गावात कुणी बघितलं तर, ही धाकधूक तुम्ही लिहिली नाही, पण असणारच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक केलं आहे. आणि अंबाजोगाईच्या ओपीडीत तुमच्या ओळखीचं कुणी भेटलंच, तर तेही रांगेतच उभं असेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, तरी विचारते, कारण विचारलेलं बरं असतं. कधी जगणंच नको, असं वाटतं का? वाटत असेल तर बैठकीच्या नंबराची वाट बघू नका. आजच वहिनींना सांगा, १४४१६ लावा, आणि दुकानाची किल्ली काही दिवस दुसऱ्याच्या हाती द्या. तसं काही नसेल तर ह्या चार ओळी सोडून पुढं वाचा.

पुढं फार नाही. मशीन फेकून द्या असं मी म्हणणार नाही, मीही बॅटरी फेकली नव्हती. ह्या आठवड्यात सहाच्या ऐवजी तीनदा बघा, ठरलेल्या वेळी, धडधड झाली म्हणून नाही. वही आजच पाडा, दुकानात कोऱ्या वह्यांची कमी नसेल. वहिनींना हे पत्र वाचायला द्या आणि सांगा की तुम्ही 'मला काही होणार नाही ना?' असं विचारलं की त्यांनी 'वहीत लिहा' एवढंच म्हणायचं. त्यांना जड जाईल.

आणि परळीच्या गाडीत पहिल्यांदा बसाल तेव्हा मला कळवा, कुठल्या सीटवर बसलात ते.

तुमची,
ताई